काकांना एक सूर, ट्रेनीला दुसरा

तुझं पत्र वाचलं. मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला ऑटो पार्टच्या प्लांटमधे चार वर्षं आणि आता चोविसाव्या वर्षी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या लाईनचा शिफ्ट सुपरवायझर. हाताखाली १४ माणसं, त्यात वीस वर्षं मशीनवर काढलेले काका लोक आहेत आणि आयटीआयमधून नुकतीच आलेली अप्रेंटिस पोरं पण. साहेब म्हणतात कडक राहा, घरचे म्हणतात गोड बोलून काम काढून घे, आणि तू विचारतोयस नक्की कसं वागू.

दोन्ही बरोबर आहे, फक्त माणूस कोण आणि काम कुठलं ते आधी बघ. १९६९ मधे पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोन अमेरिकनांनी हेच मांडलं होतं, सिच्युएशनल लीडरशिप म्हणतात त्याला, समोरच्याला ते काम किती येतं आणि करायची तयारी किती आहे त्यावरून आपली पद्धत ठरवायची. नवख्याला नीट सांगायचं, पक्कं येणाऱ्यावर सोपवून बाजूला व्हायचं. या मॉडेलवर अभ्यासकांनी शंका पण घेतल्यात, त्यामुळे पाठ नको करूस, पण लाईनवर उपयोग होतो हे मी बघितलंय.

मी तुझ्या वयाचा असताना आमच्याकडे एक सिनियर ऑपरेटर होते, कटिंगचा आवाज बदलला की सांगायचे, इन्सर्ट गेलंय, म्हणजे धातू कापणारा बदलता तुकडा झिजलाय. एकदा त्यांनी असं सांगितलं आणि मी काउंटर बघून म्हटलं अजून ४० पीस निघायला पाहिजेत, चालू द्या. त्यांनी चालू दिलं. अर्ध्या तासाने बघितलं तर बोअरमधे, म्हणजे पार्टच्या भोकात ओरखडे, अख्खा ट्रे रिजेक्ट मालाच्या लाल पेटीत. ट्रे गेला तो गेला, पण नंतर सहा महिने ते काका आपणहून मला काहीच सांगायला आले नाहीत, ते फार महागात पडलं.

पण तेच काका टॅबवर प्रॉडक्शन एंट्री करायची वेळ आली की अडायचे. तिथे ते नवखे, मग शेजारी उभं राहून एकेक स्टेप दाखवायची, आणि ट्रेनी पोरांसमोर नाही, शिफ्ट सुटताना.

ट्रेनीला "समजलं का" विचारू नकोस, तो हो सर म्हणणारच. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, त्याच्या हातात दे, दाब सारखा ठेवणाऱ्या रॅचेटने फिरवून तीनदा मोजायला लाव, तिन्ही रीडिंग जुळले तरच पुढे. आणि दार उघडं असताना मशीन चालू न देणारा दरवाज्याचा इंटरलॉक कुणी बायपास केलेला दिसला तर काका असोत की ट्रेनी, आधी मशीन बंद, बोलणं नंतर. तिथे मतं विचारत बसायचं नाही.

एक भीती तू लिहिली नाहीस पण ती येणार, लोक म्हणतील साहेब भेदभाव करतो. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीलाच सांगून टाक, नवीन पार्ट लागलाय म्हणून हा आठवडा मी दर तासाला मशीनवर येणार, साईज स्थिर झाला की नाही येणार. कारण कळलं की राग कमी येतो.

आणि तू लिहिलंयस ते, तुझ्या लाईनवरचे एक काका सगळ्यांसमोर म्हणाले ना, तू बालवाडीत होतास तेव्हापासून मी हे मशीन चालवतोय? अरे, खरंच बोलले ते. उद्या चहाच्या वेळी त्यांच्याकडे जा आणि विचार, काका, इन्सर्ट जायला लागलं की तुम्हाला आधी काय कळतं?