लातूरहून नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सुपरवायझर म्हणून आलो आहे. ‘आदिवासी मजूर बेभरवशाचे’ असं इथे सगळे सांगतात. मला तसं धरून चालायचं नाही. त्यांना नीट समजून कसं घ्यावं?

आम्ही म्हसरूळला राहतो, बाग दिंडोरी तालुक्यात. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात त्या छाटणीपासून, माल निघेपर्यंत पेठ-सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांतल्या मजुरांच्या टोळ्या आमच्याकडे असतात. तुमच्या कानावर जे आलंय ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. न सांगता निघून जातात, ‘हो’ म्हणतात आणि करत नाहीत, हातात पैसा आला की दुसऱ्या दिवशी कामावर नाहीत. तुम्ही त्यावर शिक्का न मारता प्रश्न विचारलात, याचं मला मनापासून बरं वाटलं.

आधी ‘न सांगता निघून जातात’ हे घेऊ. डोंगराकडच्या कोकणा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. व्रत धरणारी माणसं कडक नेम पाळतात आणि पौर्णिमेपर्यंत तो कार्यक्रम चालतो. आता बागेचा हिशेब मांडा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलेल्या प्लॉटला पन्नास-साठ दिवसांत मण्यांचं डिपिंग येतं, म्हणजे मणी फुगावेत म्हणून घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, आणि त्याच्या आगेमागे विरळणी, घडातले जादा मणी काढणं. म्हणजे ऐन डिसेंबर. बागायतदाराला एक माणूस कमी पडून चालत नाही, नेमका तेव्हाच घरी देव असतो. दोन्ही गोष्टी छाटणीच्या दिवशीच ठाऊक असतात. आपली तारीख आपण त्यांना दहादा सांगतो, त्यांची मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या सासूबाई विचारतात. टोळी उतरली, चुली मांडून झाल्या की संध्याकाळी त्या बायकांमध्ये जाऊन बसतात. यंदा देव कुणाच्या गावाला, लग्न कुणाच्या घरात, कुणाचं पोर आश्रमशाळेत आहे, गावाकडे म्हातारं कोण राहिलंय. दुरून बघणाऱ्याला या निव्वळ गप्पा वाटतील. पण त्यातूनच कळतं की डिसेंबरात अमुक जोड्या आठवडाभर नसणार, आणि सासरे त्या हिशेबाने एकेका प्लॉटच्या छाटणीत आठ-दहा दिवसांचं अंतर टाकतात. जायच्या वेळी मग कुणी रात्रीतून निघून जात नाही, सांगून जातात आणि ठरल्या दिवशी परततात. शेजारच्या बागांमध्ये हीच माणसं बेभरवशाची म्हणून ओळखली जातात.

आता ‘हो म्हणतात’ याबद्दल. घरात ही माणसं कोकणा बोलतात. ती बोली मराठीला जशी जवळची तशीच गुजराती आणि अहिराणीलाही. आपण जीएचं (डिपिंगच्या संजीवकाचं) प्रमाण, घडातले मणी, फेलफूट म्हणजे नको असलेले कोंब कुठवर काढायचे हे भराभर सांगतो आणि शेवटी विचारतो, ‘समजलं का?’ चारचौघांत, मालकासमोर, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची हिंमत तुमच्या-माझ्यात तरी असते का? म्हणून हा प्रश्नच सोडून द्या. एक घड हातात द्या आणि म्हणा, ‘ताई, यातले कुठले मणी काढाल ते दाखवा.’ मग गप्प उभे राहा. हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड जातं. उत्तर यायला वेळ लागला की आपण स्वतःच बोलून मोकळे होतो आणि समोरचा पुन्हा ‘हो’वर येतो. थोडं थांबलात तर कधी कधी तुम्हालाच ऐकायला मिळेल की या ओळीत सांगितल्याप्रमाणे विरळणी केली तर घड पोकळ पडेल. वर्षानुवर्षं हेच काम केलेले हात आहेत ते.

कुणासमोर विचारता, यालाही महत्त्व आहे. बहुतेक टोळ्या मुकादमाच्या हाताखाली येतात आणि पुष्कळांनी पावसाळ्यात त्याच्याकडून उचल घेतलेली असते. मुकादम शेजारी असताना मजुरी, सुट्टी, आजारपण यावर कुणी खरं बोलणार नाही. त्याला टाळूनही चालत नाही, तो त्यांच्यातलाच असतो आणि अडीनडीला तोच धावतो. पण दिवसातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, बायकांशी वेगळं बोलायची सवय ठेवा. पाणी कुठून आणावं लागतं, लहान पोराला कुठे निजवतात, हे त्याच सांगतील.

एक गोष्ट जरा ठासून सांगते. ‘बिचारे भोळे असतात हो’ असं प्रेमाने म्हणणारेही तुम्हाला भेटतील. मला हे ‘बेभरवशाचे’ म्हणण्याइतकंच खटकतं. उक्तं काम घेताना टोळीतली जाणती माणसं आधी प्लॉटमधून फिरून येतात, पानांची गर्दी बघतात, झाडं मोजतात आणि मगच एकराचा दर सांगतात. त्यांना भोळं ठरवलं की तो दर ऐकून घ्यायची गरज उरत नाही, एवढाच त्या प्रेमाचा उपयोग.

6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी मुंबईला निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. मुख्य मागण्यांपैकी एक होती कसत असलेल्या वनजमिनीच्या पट्ट्यांची, ज्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे. सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत पोचल्यावर, दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून ते रातोरात आझाद मैदानात गेले. पायांना फोड आलेली ही माणसं दुसऱ्यांच्या मुलांच्या पेपरची वेळ सांभाळत होती. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक अनुसूचित जमातीचा आहे. इतक्या जवळच्या माणसांबद्दल आपल्याला इतकं कमी ठाऊक असावं, याचं मला फार वाईट वाटतं.

बागायतदारांचंही ऐका, त्यांच्यावर उलटा शिक्का मारू नका. ‘यांचा काही भरवसा नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बहुधा कर्ज असतं, एखाद्या वर्षी अवकाळीने माल गेलेला असतो. डिपिंग दोन दिवस लांबलं की मण्यांची साइज गेली, निर्यातीचा भाव गेला. त्याच्या रागाखाली ही भीती असते. ‘मागच्या वर्षी कुठल्या आठवड्यात माणसं गेली?’ एवढंच विचारा. तो तारीख सांगेल, टोळी कारण सांगेल, आणि दोन्ही जोडून बघायचं काम सुपरवायझर म्हणून तुमच्याकडे येईल.

जमलं तर एकदा जुलैत पेठला जाऊन या, नाशिकहून एसटी मिळते. पावसाळ्यात तिथे भात, नागली, वरई हीच पिकं, आणि पुष्कळ शेतांना पुढे पाणीच नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास माणसं खाली उतरतात. तुमच्या टोळीतल्या कुणाच्या गावी जायचं तर आधी कळवून जा. लावणी चालू असेल तर बांधावर उभं राहून प्रश्न विचारत बसू नका, त्या दिवसांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी जेवायला बसतील तेव्हा बसा, आणि त्यांनी विचारलं तर तुमच्या लातूरकडचंही सांगा. तिकडूनही माणसं ऊसतोडीला गाव सोडतात, त्यावर त्यांना तुमच्याशी बोलायला नक्की आवडेल.