सोंगप्यॉन वाफवताना का फुटतात?

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षे सोलमध्ये होता. तेथे सणाला खाल्लेल्या सोंगप्यॉनची, म्हणजे तांदळाच्या पिठात सारण भरून वाफवलेल्या कोरियन पदार्थाची, त्याला आठवण येते, म्हणून मी मोदकाप्रमाणे उकड काढून, तीळ-गुळाचे सारण भरून ते केले. परंतु निम्मे वाफेत फुटले. पाइनची पाने मिळत नाहीत. अंगणातील सुरूची पाने चालतील का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सुरूची पाने कृपया वापरू नका, ती सुईसारखी दिसत असली, तरी सुरू हा पाइन नव्हे. सोंगप्यॉनमधील ‘सोंग’ म्हणजेच पाइन. कोरियात त्याच्या धुतलेल्या पानांच्या थरावर हा पदार्थ वाफवतात, त्यामुळे तो तळाला चिकटत नाही आणि पानांचा वास पिठात उतरतो. आपण हळदीची पाने अंथरावीत. वास निराळा येईल, पण पातोळ्यांमुळे तो आपल्या जिभेच्या ओळखीचा आहे आणि भाद्रपदात ही पाने सांगलीत मिळायला अडचण नाही.

फुटण्याचे मूळ मला पिठात आणि मिटवणीत दिसते. मोदकासाठी आपण पिठी उकळत्या पाण्यात घालून वाफ आणतो. सोंगप्यॉनसाठी मात्र साधा, म्हणजे चिकट जातीचा नसलेला, तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, मिठासह ओलाच दळतात आणि त्या पिठात कढत पाणी थोडे थोडे घालून ते खूप मळतात. तांदळात ग्लुटेन नसल्यामुळे कढत पाण्याने अर्धवट शिजलेला स्टार्चच पीठ बांधून ठेवतो. पाणी कोमट असले किंवा मळणे अपुरे राहिले, तर कडा तडकतात. आवळ्याएवढ्या गोळ्याची वाटी करून भाजून कुटलेले तीळ आणि साखर किंवा मध बेताने भरावा. मऊ गूळ काठाला लागला, तर तो काठ पुन्हा जुळत नाही. मिटवल्यावर गोळा मुठीत दोन-तीनदा घट्ट दाबावा, कारण आत अडकलेली हवाच वाफेत फुगून पीठ फाडते. त्यानंतरच त्याला करंजीसारखा अर्धचंद्राचा आकार द्यावा. वीस-पंचवीस मिनिटे वाफवून लगेच थंड पाण्यातून काढावेत आणि तिळाचे तेल लावावे.

हा छुसॉकचा, म्हणजे आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा पदार्थ आहे. ती पौर्णिमा बहुधा आपली भाद्रपद पौर्णिमाच असते. तेथे घरातली सगळी माणसे एकत्र बसून सोंगप्यॉन वळतात, तेव्हा मुलालाही शेजारी बसवावे. दुसऱ्या दिवशी ते कडक होतात. उरलेले त्याच दिवशी गोठवून ठेवावेत आणि खाताना पुन्हा वाफवावेत.