टीडीएसचा आकडा बाजूला ठेवा, आधी पाणी कुठलं येतंय ते शोधा

पुण्यातल्या वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आठ महिन्यांत गिझरचं कॉइल गेलं, नळांवर पांढरे डाग पडतात, तूरडाळ शिजत नाही, आणि आरओ विकायला आलेल्याने मीटर बुडवून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ७८० दाखवत "हे तर विष आहे" म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. ताई, मी याच पट्ट्यात चौदा वर्षं राहतोय आणि आमच्या सोसायटीच्या पाण्याचं काम बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

७८० म्हणजे विष नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत असावा असं आहे, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालतो. जडपणासाठी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणासाठी, हेच आकडे २०० आणि ६०० आहेत, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं. क्षार कुठले आहेत हे त्याला कळत नाही आणि जंतू तर अजिबात दिसत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यातल्या जंतूंवर होता, क्षारांवर नव्हता. माझी खरी काळजी तिथे आहे.

आधी वॉचमनला किंवा पंप चालवणाऱ्याला विचारा की टाकीत काय काय पडतं. खडकवासल्याचं धरणाचं पाणी मऊ असतं. आपल्याकडे खाली काळा बसाल्ट, त्यामुळे बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी कितीतरी सोसायट्या अजून बोअर आणि टँकरवरच आहेत, आणि टँकरसुद्धा बहुतेक वेळा कुठल्यातरी बोअरवरच भरतो. सगळं एकाच टाकीत मिसळतं, म्हणून आजचा आकडा आणि मे महिन्यातला आकडा एक नसतो.

मग जडपणा तपासायचं किट आणा, स्वस्त मिळतं. मापाच्या बाटलीत पाणी घ्या, रंगाची पावडर टाका, पाणी रेड वाइनसारखं तांबडं होतं. आता किटमधल्या द्रावणाचा एकेक थेंब टाकत हलवत राहा. कितव्या थेंबाला ते स्वच्छ निळं होतं ते मोजा आणि किटवरच्या आकड्याने गुणा. आमच्याकडे दर रविवारी मी हेच करतो, टाकीतलं आणि सॉफ्टनरनंतरचं (जडपणा काढणारं, मिठावर चालणारं मशीन), दोन्ही. दोन वर्षांपूर्वी सॉफ्टनरनंतरच्या पाण्यालाही तितकेच थेंब लागायला लागले. बघितलं तर मिठाची टाकी रिकामी! तीन आठवडे कोणीच मीठ टाकलं नव्हतं आणि तोपर्यंत सगळे "मशीन खराब आहे" म्हणत होते.

तुमचं जुनं कॉइल फेकलं नसेल तर त्यावरचा पांढरा थर खरवडून त्यावर लिंबू पिळा, फसफसेल. तो चुना आहे. पाणी तापलं की हा थर बसतो, आणि जितकं जास्त तापवाल तितका लवकर. गिझरचा थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा आणि वर्षातून एकदा आतून साफ करून घ्या. मी हे सुरू केल्यापासून माझं कॉइल चार वर्षं टिकलंय. नळावर अडकवायची लोहचुंबकं घेऊ नका, आमच्याकडे दोन घरांनी घेतली आणि डाग तसेच राहिले.

सॉफ्टनर घ्यायचा तर अंघोळीच्या आणि वॉशिंग मशीनच्या लाइनलाच लावा. त्यात कॅल्शियम जातं आणि त्याच्या जागी सोडियम येतं. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे साधारण ४६ मिलिग्रॅम. घरात कोणाला रक्तदाब असेल तर स्वयंपाकघराच्या नळाला ते पाणी नको. झाडांनाही नको. आणि सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस कमी होत नाही, तेव्हा मीटर दाखवून "चालत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आरओ तुमच्याकडे प्यायला आणि डाळीला उपयोगी पडेल, कारण ७८० ला चव मचूळ लागते आणि डाळीतलं पेक्टिन कॅल्शियमशी बांधलं जातं म्हणून ती टणक राहते. पण ५०० च्या खाली टीडीएस असलेल्या पाण्याला आरओ लावू नये असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं. महापालिकेचं पाणी नियमित यायला लागलं की तो काढून साधा यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा फिल्टर) बसवा. तोवर आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत घेऊन फरशीला वापरा.

आरओच्या आधी मात्र एक काम करा. नळाचं आणि टाकीचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन प्रयोगशाळेत द्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणा, साध्या बिसलेरीच्या बाटलीत दिलेलं चालत नाही, आणि नमुना लगेच पोचवा. सोबत नायट्रेट तपासायला सांगा. मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि बोअर सेप्टिक टँकजवळ असेल तर ते वाढलेलं सापडतं. घरात बाटलीचं दूध पिणारं बाळ असेल तर हा आकडा येईपर्यंत त्याचं दूध बोअरच्या पाण्यात कालवू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं.