‘सुकी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: ‘जपानी ॲनिमे बघताना पात्रं कधी “सुकी” म्हणतात, कधी “दाइसुकी”, क्वचित “आइशितेरु”. खालच्या इंग्रजी ओळीत मात्र बहुतेक वेळा “आय लव्ह यू”च येतं. फरक नक्की काय? मी मैत्रिणींसाठी हौसेने मराठी सबटायटल्स लिहिते आहे. “मी तुझ्यावर प्रेम करतो” लिहिलं की सगळ्या फिदीफिदी हसतात. आणि “कोकुहाकु”ला “प्रेमाची कबुली” चालेल का?’

मैत्रिणींचं हसणं रास्त आहे. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य आपण नाटकात ऐकतो, मालिकेत ऐकतो, पण कॉलेजच्या कट्ट्यावर ते कुणी बोलत नाही. तिथे एक तर सरळ ‘आय लव्ह यू’, नाहीतर ‘आवडतेस तू मला’. गंमत म्हणजे जपानीतही साधारण अशीच वाटणी आहे. त्यामुळे इंग्रजी ओळ झाकून ठेवा आणि जपानीवरून थेट मराठीत या. वाट जवळची आहे.

‘सुकी’ (कानाला ‘स्की’ ऐकू येतं, कारण मधला ‘उ’ जवळजवळ गिळतात) हे जपानीत क्रियापद नाही, विशेषणाच्या जातीचा शब्द आहे. ‘वाताशी वा किमि गा सुकी दा’ (वाताशी म्हणजे मी, किमि म्हणजे तू) या वाक्यातला ‘गा’ हा प्रत्यय जो आवडतो त्याला लागतो, ज्याला आवडतो त्याला नाही. आता मराठी वाक्य बघा: ‘मला तू आवडतेस’. क्रियापद ‘तू’चं ऐकतं, ‘मला’चं नाही. इंग्रजीतला ‘आय’ काहीतरी करतो. मराठीतल्या आणि जपानीतल्या बिचाऱ्या ‘मी’ला काही करायचं नसतं, त्याला ते होतं. शिवाय ‘सुकी’ माणसालाही चालतं, मांजरालाही आणि भातावरच्या करीलाही. आपलं आवडणंही पुरीभाजीपासून माणसापर्यंत सगळीकडे जातं.

आता कुणी म्हणेल, पुरीभाजीला लागणारा शब्द प्रेमाला हलका पडतो. तर तुकोबांचं ‘आवडे निरंतर हेचि ध्यान’ आठवा. विठ्ठलाला जो शब्द पुरला तो शाळेच्या गच्चीवरच्या पोराला पुरेल.

इंग्रजीत मात्र ‘लाइक’ की ‘लव्ह’ हे ठरवावंच लागतं, आणि त्यावरून भांडणं होतात. ‘निऑन जेनेसिस एव्हांगेलिऑन’ ही १९९५ची मालिका. तिच्या २४व्या भागात काओरु नावाचा मुलगा शिंजी नावाच्या मुलाला म्हणतो, ‘सुकी त्ते कोतो सा’. जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘लव्ह’ होतं. २०१९मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर नव्या भाषांतरासह आली आणि ‘लव्ह’चं ‘लाइक’ झालं. चाहते खवळले: दोन मुलांमधलं नातं मुद्दाम पातळ केलं, असा आरोप झाला. दुसरी बाजू म्हणाली की मूळ शब्द ‘सुकी’च आहे. माझ्या मते दोघंही इंग्रजीच्या सापळ्यात अडकले होते. मराठीत ‘म्हणजे तू मला आवडतोस’ लिहा. मूळ वाक्यात जेवढं उघडं आहे तेवढं उघडं राहतं, जेवढं झाकलेलं आहे तेवढं झाकलेलं.

‘आइशितेरु’ची गोष्ट वेगळी. यातला ‘आइ’ मूळचा चिनी, अक्षरासकट जपानीत आलेला. त्याला ‘सुरु’, म्हणजे करणे, जोडलं की ‘आइसुरु’ होतं, आणि त्याचं चालू स्थिती दाखवणारं रूप ‘आइशितेरु’. आपण संस्कृतातून ‘प्रेम’ घेतलं आणि पुढे ‘करणे’ लावलं, तोच हा साचा. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना पहिल्या काही महिन्यांतच ‘बेंक्यो सुरु’ म्हणजे ‘अभ्यास करणे’ भेटतं, तेव्हा हे लगेच पटेल. भारदस्त पाहुणा शब्द आणि मागे घरचं राबतं क्रियापद. म्हणून दोन्ही वाक्यांना सारखाच पोशाखी वास येतो, आणि दोन्हीकडे नवराबायको आयुष्य काढतात तरी ते म्हणत नाहीत.

पण म्हणूनच जिथे ‘आइशितेरु’ येतं तिथे ‘आवडतेस’ लिहून भागणार नाही. ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ (२०१८) ही मालिका सगळी या एका शब्दावर उभी आहे. युद्धात वाढलेली, हुकूम पाळण्यापलीकडे काही न शिकलेली मुलगी. मेजर तिला शेवटचं ‘आइशितेरु’ म्हणतो आणि तिला त्याचा अर्थच कळत नाही. तो कळावा म्हणून ती दुसऱ्यांची पत्रं लिहून देण्याचं काम धरते. इथे शब्द परका, अवघडच हवा. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हेच इथे बरोबर. कुणी हसलं तर हसू द्या.

‘दाइसुकी’मधला ‘दाइ’ म्हणजे मोठं. म्हणजे ‘खूप आवडतेस’. पण मोठा असून हा शब्द कधीकधी हलका होतो. लहान मुलं आईला दिवसातून दहादा म्हणतात. ‘खूप’ लावलं की मराठीतही वाक्य जरा लाडिक होतं ना? नुसतं ‘आवडतेस’ म्हणायला जास्त छाती लागते.

आता एक अडचण, जी तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या भागातच भेटेल. ‘सुकी दा’ या दोन शब्दांत कोण, कुणाला, काय, यातलं काहीच नसतं. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, त्यातली जुनी युक्ती आहे: दाराआडून अर्धं बोलणं ऐकू येतं, ‘सुकी दा’ एवढंच कानावर पडतं आणि पुढची चार प्रकरणं गैरसमजात जातात. मराठी क्रियापद मात्र चुगलखोर. आवडतेस, आवडते, आवडतं, आवडतात. तो मांजराबद्दल बोलत होता हे ‘आवडतं’मधल्या अनुस्वारावरून दाराआडच्या मुलीला तिथल्या तिथे कळेल आणि कथाच संपेल. अशा ठिकाणी मी ‘फार जीव आहे माझा’ लिहितो. क्रियापद ‘जीवा’शी बांधलं जातं, कुणावर ते गुलदस्त्यात राहतं.

उलट ‘किमि नो ना वा’ (२०१६) या चित्रपटात हीच चुगली कामी येते. डोंगरावर संधिप्रकाशात दोघं भेटतात. नावं विसरू नयेत म्हणून एकमेकांच्या तळव्यावर लिहायचं ठरतं. ताकी लिहितो. मित्सुहाची वेळ येते तोवर प्रकाश सरतो आणि पेन खाली पडतं. नंतर धावताना ती आपटते, मूठ उघडते, तर आत नाव नाहीच. हिरागाना या साध्या जपानी लिपीत तीन अक्षरं: सु, कि, दा. यावरून नाव कसं कळणार, असं ती रडत म्हणते. इथे ‘आय लव्ह यू’ ही छापील भेटकार्डाची ओळ वाटते. तळव्यावर ‘आवडतेस’ लिहून बघा. ‘मी’ नाही, ‘तू’ नाही, तरी शेवटचा ‘स’ तिच्याकडेच बोट दाखवतो.

भूतकाळाला मात्र फसू नका. ‘झुत्तो सुकी देशिता’ असं पात्र म्हणतं तेव्हा ‘देशिता’ भूतकाळी आहे म्हणून ‘तू मला आवडायचीस’ लिहिलंत तर घोटाळा होईल. मराठीत त्याचा अर्थ आता नाही आवडत, दुसरी बघितली. जपानीत भावना जुनी आहे, एवढंच बहुधा सांगायचं असतं. ‘कधीपासून आवडतेस’ लिहा.

जाता जाता प्रेमासाठीचा आणखी एक शब्द, ‘कोई’. (हिंदी ऐकून कान तयार झालेल्यांना इथे ‘कुणी’ ऐकू येईल, इलाज नाही.) ‘कोई’ हे जुनं, अस्सल जपानी. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात काही ठिकाणी हा शब्द ‘एकाकी’ आणि ‘दुःख’ अशा अर्थांची दोन अक्षरं जोडून लिहिला आहे. जवळ नाही त्याच्यासाठी तगमगणं हा त्याचा गाभा, म्हणून मला ‘ओढ’ सर्वात जवळचा वाटतो. शेजारी बसलेल्याची ओढ लागत नाही. आणि ती चंद्राची गोष्ट, नात्सुमे सोसेकी या जपानी कादंबरीकाराने म्हणे ‘आय लव्ह यू’चं भाषांतर ‘चंद्र सुंदर आहे, नाही?’ असं करायला सांगितलं होतं, ती गोड आहे पण सोसेकीच्या लेखनात तिला आधार सापडलेला नाही. फॉरवर्ड करण्याआधी हे ध्यानात असू द्या.

आता ‘कोकुहाकु’. ‘कबुली’ कोशाच्या दृष्टीने चूक नाही. संत ऑगस्टीनच्या आत्मकथनाचं जपानी नावही ‘कोकुहाकु’च आहे, आणि तिथे पापांचीच कबुली आहे. पण मराठीत कबुली म्हटलं की आधी आरोप आला, मागोमाग कबुलीजबाब आणि फौजदार आला. पोलिसांपुढच्या कबुलीला जपानीत बहुधा ‘जिहाकु’ म्हणतात. ‘कोकुहाकु’तला ‘कोकु’ म्हणजे कळवणं, सांगणं. ‘हाकु’चं अक्षर एरवी पांढऱ्या रंगाचं, पण इथे त्याचाही अर्थ बोलून दाखवणं. म्हणून ‘सांगून टाकणं’. ‘तिने काल त्याला सांगून टाकलं.’ या ‘टाकणं’मध्ये उरावरचं ओझं उतरतं, पुढे होईल ते होईल हेही येतं. गाडी अजून पुढे गेली असेल तर ‘विचारलं’: ‘त्याने तिला विचारलं, ती हो म्हणाली.’ काय विचारलं ते मराठीत कुणी विचारत नाही.

पोरांनी ‘कोकुहाकु’ला कात्री लावून ‘कोकुरु’ असं क्रियापद पाडलंय, आपण ‘गुगलून बघ’ म्हणतो तसं. ‘कागुया-सामा वा कोकुरासेताइ’ या २०१५ ते २०२२ चाललेल्या मांगाच्या नावात त्याचं प्रयोजक रूप आहे आणि त्यावर इच्छेचा प्रत्यय. विद्यार्थी मंडळातले दोन अतिहुशार जीव, दोघांचाही एकमेकांवर जीव, पण आधी बोलेल तो हरला. इंग्रजीला इथे पाच-सहा शब्द लागतात. आपल्याकडे तयार आहे: ‘वदवून घेणं’. ‘कागुया बाईसाहेबांना वदवून घ्यायचंय’. बघा, ‘सामा’ हा मानाचा प्रत्ययसुद्धा बसला.

सांगून झाल्यावर पात्र हमखास म्हणतं, ‘त्सुकिआत्ते कुदासाइ’. ‘त्सुकिआउ’चा साधा अर्थ सोबत करणं. खरेदीला सोबत ये, यालाही हेच क्रियापद. त्यामुळे मुलगी लाजत ‘त्सुकिआत्ते’ म्हणते आणि ठोंब्या मुलगा विचारतो, ‘कुठे?’ हा विनोद इंग्रजीत मरतो. मराठीत ‘माझ्याबरोबर फिरशील?’ – ‘कुठे?’ असा जसाच्या तसा उतरतो, कारण ‘ते दोघं फिरतात’ म्हणजे काय हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

एका ठिकाणी मात्र मी हात टेकले. वरच्या वर्गातल्या मुलाला मुलगी म्हणते, ‘सेम्पाई, सुकी देसु’. आपल्याकडे वरच्या वर्गातला म्हणजे ‘दादा’. ‘दादा, तू मला आवडतोस’ लिहिलंत तर मैत्रिणी खुर्चीवरून पडतील. ‘सेम्पाई’ तसंच ठेवा.