केमोथेरपीतला विसराळूपणा आणि रोजचे जेवण

प्रश्न : माझे वय ५२. स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू असून तीन सायकल झाल्या आहेत. हल्ली आमटीत दोनदा मीठ पडते, आणि परवा जांभळी नाक्याला भाजी आणायला गेले तर काय घ्यायचे तेच आठवेना. मी शाकाहारी आहे. बदाम आणि हळदीच्या कॅप्सूल घेतल्यास स्मरणशक्ती सुधारेल, असे नातेवाईक सांगतात. नेमके काय खावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुम्हाला होणारा त्रास खरा आहे. उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रियांना तो होतो, आणि बहुतेकींच्या बाबतीत उपचार संपल्यावर हळूहळू कमी होतो. तो हमखास घालवणारा एखादा पदार्थ मात्र नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. रक्तक्षय, अपुरे पाणी, अपुरी झोप आणि उपाशी पोट यांमुळे हा गोंधळ वाढतो, आणि आहाराचा खरा उपयोग तिथेच आहे.

तुम्ही शाकाहारी असल्यामुळे पुढच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ आणि थायरॉइडही तपासावे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. बी-१२च्या कमतरतेने विसराळूपणा येतो आणि हातापायांना मुंग्याही येतात. केमोथेरपीतल्या काही औषधांनीही अशाच मुंग्या येत असल्याने सगळे खापर औषधावर फुटते आणि सहज भरून काढता येण्याजोगी कमतरता तशीच राहून जाते. दूध-दह्यातून बी-१२ मिळते, पण थोडे. कमतरता निघालीच तर गोळ्या किंवा इंजेक्शने डॉक्टरच ठरवतील.

उपचारांच्या काळात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात (मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे), आणि नुसत्या पेजेवर ती भागत नाहीत. मुगाची खिचडी आणि वर दही, कुळथाचे पिठले, पनीर किंवा दुधातले नाचणीचे सत्त्व असे थोडे थोडे दर दोन-तीन तासांनी घ्यावे. डाळीवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. तोंडाला धातूची चव येत असेल तर कोकमाचे सार रुचते. तोंड आलेले असताना मात्र आंबट टाळावे.

बदाम-अक्रोड मूठभर जरूर खावेत. कॅप्सूलबद्दल माझे मत ठाम आहे: फोडणीतली हळद वेगळी आणि तिचा अर्क वेगळा. असे अर्क केमोथेरपीच्या औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात, त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नये. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची मोड आलेली कडधान्ये आणि बाहेरची कापलेली फळेही नकोत.

अचानक खूप गोंधळल्यासारखे झाले, बोलणे अडखळले किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

राहिली आमटी. मीठ घातले की मिठाचा डबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवा. डबा तिकडे दिसला की मीठ पडले आहे, हे आठवावे लागणार नाही. भाजीची यादी सकाळी ताजेतवाने असताना लिहा आणि पाण्याची बाटली समोरच, नजरेला पडेल अशी ठेवा.