रुग्णाची घालमेल ओळखताना

परिचर्येविषयीच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे रुग्णाच्या मनावरील ताण आणि चिंता याच विषयाची आहेत. म्हणून या अंकात ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नागपुरातील एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात नुकतीच स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले आहे. रात्रपाळीत बरेच रुग्ण ‘सिस्टर, जीव घाबरून राह्यला’ असे सांगतात. नाडी वाढलेली असते, घाम आलेला असतो. हे मनाचे आहे की शरीराचे, हे कसे ठरवावे?

उत्तर : आधी शरीर तपासायचे आणि मगच मनाकडे वळायचे, हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नका. चिंता वाढली की ॲड्रिनलिन स्रवते, त्यामुळे छाती धडधडते, श्वास जलद होतो, तोंड कोरडे पडते, तळहातांना घाम येतो. पण रक्तातील साखर उतरली, ऑक्सिजन कमी पडला, हृदयविकाराचा झटका येत असला किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तरी रुग्ण जवळपास असाच दिसतो. म्हणून नाडी, रक्तदाब, मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजनची पातळी आणि ग्लुकोमीटरवर साखर या पाच गोष्टी त्याच वेळी पाहाव्यात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, ऑक्सिजन नेहमीपेक्षा उतरला असेल, श्वास २०च्या वर आणि वाढतच असेल किंवा छातीत दुखत असेल, तर ‘घाबरले आहेत’ असा निष्कर्ष न काढता ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. पाय मोडून पडून असलेल्या रुग्णाला किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला अचानक दम लागला, तर विशेष सावध राहावे. नुकतेच नेब्युलायझरमधून सालब्युटामॉल दिले आहे का, स्टिरॉइड चालू आहे का, हेही केस पेपरवर पाहावे. पहिल्याने हात थरथरतात आणि धडधड होते, दुसऱ्याने झोप उडते.

आपल्या भागात आणखी एक कारण फार वेळा नजरेतून सुटते, ते व्यसन अचानक तुटण्याचे. रोज दारू घेणारा माणूस अपघाताने दाखल झाला, तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत त्याला थरकाप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, आणि ४८ ते ७२ तासांच्या सुमारास भ्रम होऊन जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) दिवसभर तोंडात ठेवणाऱ्याचा तो वॉर्डात बंद झाला की पहिल्याच दिवसापासून चिडचिड होते, मन लागत नाही, तो सारखा बाहेर जाऊ म्हणतो. नातेवाइकांसमोर हे कोणी कबूल करत नाही. एकांतात, दोष न देता, ‘रोज किती लागते आणि शेवटचे कधी घेतले’ असे सरळ विचारावे. उत्तर मिळते, आणि त्या उत्तरावर उपचार बदलतात.

‘जीव घाबरते’ ही तक्रार ऐकल्यावरही तेथेच थांबू नये. कोणाला मळमळ होत असते, कोणाला छातीत धडधड, कोणाला श्वास पुरत नाही, आणि कोणाला खरोखर भीती वाटत असते. सगळे सांगताना हेच सांगतात. ‘नेमके कुठे काय होते, कधीपासून, आणि त्या वेळी मनात काय चालले होते?’ हे तीन प्रश्न पुरतात.

शारीरिक कारण नाही असे ठरल्यावर चिंता किती आहे ते पाहावे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र भयाची अवस्था अशा चार पातळ्या मांडल्या, आणि त्या आजही वॉर्डात उपयोगी पडतात, कारण पातळीप्रमाणे आपले वागणे बदलायचे असते. सौम्य चिंतेत रुग्ण जागरूक असतो आणि नीट शिकतो. इन्सुलिन कसे घ्यायचे, ड्रेसिंग कसे जपायचे हे तेव्हा सांगावे. मध्यम पातळीवर त्याचे लक्ष आकसते; वाक्ये लहान ठेवावीत आणि सांगितलेले त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. तीव्र चिंतेत एका वेळी एकच सूचना पोहोचते. आणि भयाने गारठलेल्या माणसाला समजावत बसणे व्यर्थ असते. त्या वेळी त्याला एकटे सोडू नये, गर्दी दूर करावी, शांत आवाजात ‘मी इथेच आहे, माझ्याबरोबर श्वास सोडा’ एवढेच म्हणावे. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा अंक मोजेपर्यंत हळू बाहेर, अशी काही आवर्तने करून घ्यावीत. जुन्या पद्धतीप्रमाणे कागदी पिशवी तोंडाला लावू नये. रुग्णाला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असल्यास ऑक्सिजन धोकादायकरीत्या घटू शकतो.

गलबला करणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. भिंतीकडे तोंड करून पडलेला, ताट परत पाठवणारा, ‘सुट्टी कधी’ एवढेच विचारणारा रुग्ण मात्र ‘चांगला, त्रास न देणारा’ म्हणून मागे राहतो, आणि माझ्या मते परिचारिकेची पहिली नजर त्याच्याकडेच जायला हवी. नोंद करताना केवळ ‘रुग्ण घाबरलेला’ असे लिहू नका. काय दिसले, रुग्ण स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, तुम्ही काय केले आणि अर्ध्या तासाने काय फरक पडला, हे लिहा. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर ताप उतरतो आहे का ते आपण पाळीगणिक पाहतो. चिंतेचाही शून्य ते दहा असा आकडा रुग्णाला विचारून तसाच लिहिता येतो, आणि तो हँडओव्हरमध्ये सांगितला तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रश्न : शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्ण झोपत नाहीत. आम्ही ‘घाबरू नका, काही होत नाही’ असे सांगतो, तरी पुन्हा पुन्हा तेच विचारतात. आमच्याकडे गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा येथून आलेले रुग्ण अधिक असतात. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना वेळ तरी कोठून आणायचा?

उत्तर : तुमच्यावरील कामाचा भार खरा आहे, आणि तो कमी होणे हा परिचारिकांचा हक्क आहे. तरीही ‘काही होत नाही’ हे उत्तर सोडून द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या वाक्याने रुग्णाची भीती जात नाही. फक्त ती बोलून दाखवण्याची वाट बंद होते. त्याऐवजी ‘उद्याच्या ऑपरेशनमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?’ असे विचारून पाहा. गडचिरोलीहून आलेल्या शेतकऱ्याची काळजी पुष्कळदा ऑपरेशनची नसतेच. घरी गुरे कोण पाहणार, बायको रात्री कोठे झोपणार, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद पूर्ण झाले की नाही, ही ती काळजी असते. तिला औषध लागत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे दुपारीच पाठवले, तर रात्र शांत जाते. रुग्ण गोंडी बोलणारा असेल आणि मराठी-हिंदी अर्धीच समजत असेल, तर त्याच भाषेचा नातेवाईक किंवा शेजारच्या खाटेवरचा माणूस मदतीला घ्यावा, मात्र खासगी बाबी त्याच्यामार्फत विचारू नयेत.

भीती शस्त्रक्रियेचीच असेल, तर उद्या त्याला काय काय जाणवेल ते क्रमाने सांगावे : ओटी म्हणजे शस्त्रक्रियागृह थंड असते, वर मोठे दिवे असतात, पाठीत इंजेक्शन दिल्यावर पाय जड आणि गरम वाटतात, जागे झाल्यावर लघवीची नळी असू शकते, घसा खवखवू शकतो. अपेक्षित असलेली गोष्ट सोसता येते, अचानक आलेली घाबरवते. शस्त्रक्रियेतील धोका आणि संमती यांविषयीचे प्रश्न मात्र शल्यचिकित्सकांनीच बोलायचे असतात. रुग्णाला ते समजलेले नाही असे वाटले तर त्यांना परत बोलवण्याचा आग्रह धरावा. उपाशी राहण्याबद्दलही भूलतज्ज्ञांना विचारून ठेवावे. ज्यांना दुसरी अडचण नाही अशा प्रौढ रुग्णाला सहसा घन आहार सहा तास आधी बंद करतात आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. नागपूरच्या मे महिन्यात मध्यरात्रीपासून घशाला कोरड घेऊन दुपारपर्यंत क्रमांकाची वाट पाहणाऱ्याची निम्मी अस्वस्थता तहानेची असते. ऑपरेशनची लिस्ट पुढे ढकलली गेली, तर तसे त्याला सांगावे.

हे सारे सांगायला वेगळा तास लागत नाही. सलाईन लावताना, ड्रेसिंग करताना, प्रत्येक कृतीच्या आधी ‘आता हे करते, थोडे टोचेल’ असे बोलण्यातच बरेचसे काम होते.

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी झाली, आता घरी मानेवाड्याला आहेत. दिवसातून अनेकदा रक्तदाब मोजतात, जिना उतरत नाहीत, रात्री उठून बसतात. आम्ही घरच्यांनी काय करावे?

उत्तर : झटक्यानंतर अशी भीती अनेकांना वाटते, आणि ती दुर्लक्षिली तर माणूस हालचाल टाळतो, अशक्त होतो, मग थोड्या श्रमानेही धाप लागते आणि भीती आणखी वाढते. हृदयरोगतज्ज्ञांना विचारून रोज किती चालायचे ते कागदावर लिहून घ्यावे आणि सुरुवातीला कोणीतरी सोबत चालावे. उन्हाळ्यात हे पहाटेच करावे. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिलेल्या ठरावीक वेळा पाळाव्यात आणि मधल्या वेळी यंत्र कपाटात ठेवावे. बाबांच्या पाठीमागे कुजबुजून बोलू नये. जे बोलायचे ते त्यांच्यासमोर बोलावे, कारण लपवलेल्या गोष्टीचा अर्थ रुग्ण नेहमी वाईटच लावतो. छातीत दाब किंवा दुखणे, दम, थंड घाम अशी लक्षणे आली, तर मात्र ती चिंता आहे की काय याचा विचार घरी करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन आठवड्यांनंतरही झोप आणि मन ठिकाणावर आले नाही, किंवा ‘आता जगून काय करायचे’ असे ते म्हणू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मोफत बोलता येते.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चिंता मोजण्यासाठी जीएडी-७ प्रश्नावली वॉर्डात वापरावी का? वृद्ध रुग्ण रात्री घाबरले, तर झोपेची गोळी मागावी का?

उत्तर : जीएडी-७ मध्ये मागील दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न असतात, एकूण गुण २१ असतात, आणि ५, १०, १५ या गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम व तीव्र चिंता मानतात. बाह्यरुग्ण विभागात ती सोयीची आहे. दाखल रुग्णांसाठी १९८३ मध्ये तयार झालेली एचएडीएस ही चिंता आणि नैराश्य यांविषयीची १४ प्रश्नांची प्रश्नावली मला अधिक योग्य वाटते, कारण थकवा किंवा धडधड यांसारखी आजारानेही होणारी लक्षणे तिच्यात मुद्दाम टाळलेली आहेत. दोन्हींतून निदान होत नाही. कोणाला पुढे पाठवायचे ते कळते.

वृद्धांच्या बाबतीत गोळीची घाई करू नये. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज रात्री वेळ-काळ विसरत असतील, क्षणात भानावर आणि क्षणात भ्रमात असतील, तर ते चिंतेपेक्षा डिलिरियम, म्हणजे आजाराने अचानक आलेला भ्रम, असण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता किंवा एखादे औषध असू शकते. डायझेपामसारख्या गोळ्यांनी हा भ्रम वाढू शकतो आणि पडून हाड मोडण्याची भीती असते. दारू सुटल्याने झालेल्या भ्रमात मात्र याच गटातील औषधे डॉक्टर देतात, म्हणून कारण शोधणे आधी. चष्मा आणि श्रवणयंत्र त्यांच्याजवळ द्या, ओळखीचे माणूस शेजारी बसवा, मंद दिवा राहू द्या, आणि जो बदल दिसला तो वेळ घालून लिहून त्याच रात्री ड्यूटीवरील डॉक्टरांना कळवा.