रिमोट डेस्कटॉप लागत नाहीये? आधी बघा, अडलंय कुठे

प्रश्न: वरच्या खोलीतला पीसी मी लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने वापरते. परवापर्यंत मस्त चालू होतं, आता कनेक्टच होत नाही. पिंगलाही (पीसी नेटवर्कवर आहे का, हे विचारणारा छोटा संदेश) उत्तर नाही, म्हणजे पीसी बंद पडला ना?

पिंगवरून असं काही ठरवू नका हो. विंडोजचा फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी) मुळात पिंगला उत्तर देत नाही, पीसी ठणठणीत चालू असला तरी. त्याऐवजी पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) ही कमांड द्या, पुढे पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि -Port 3389, म्हणजे रिमोट डेस्कटॉप ज्या दारातून येतं त्या पोर्टचा नंबर. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे, घोळ लॉगिनचा आहे. फॉल्स आलं तर मात्र वर जाऊन बघावं लागेल, आणि बहुतेक वेळा पीसी गपचूप स्लीपला गेलेला सापडतो. पॉवर सेटिंगमध्ये स्लीपला 'नेव्हर' करून टाका, स्क्रीन बंद झाली तर चालते.

पीसी जागा असेल तर तिथेच आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड मारून आत्ताचा आयपी बघा. राउटर आयपी कायमचा देत नाही, काल 192.168.1.12 होता तो आज 17 झालेला असतो आणि आपण आपले जुन्याच नंबरवर धडका मारत बसतो. राउटरमध्ये त्या पीसीसाठी आयपी रिझर्व्ह करून ठेवा, कटकट मिटेल.

प्रश्न: ऑफिसचं व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारा सुरक्षित बोगदा) घरून लागतं, कनेक्टेड दिसतं, पण ऑफिसचा कॉम्प्युटर काही लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र लगेच लागतो! वायफाय खराब आहे का?

वायफाय बिचारं ठीक आहे. हॉटस्पॉटचं तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, उत्तर त्यातच आहे. घरच्या राउटरची आयपी नंबरांची रेंज 192.168.1 अशी असेल आणि ऑफिसचीही नेमकी तीच असेल (बरेच राउटर कंपनीतूनच हीच रेंज घेऊन येतात), तर तुम्ही 192.168.1.40 मागितलं की लॅपटॉपला वाटतं हे मशीन घरातच आहे, मग तो ते व्हीपीएनमध्ये पाठवतच नाही, घरातल्या घरात शोधत बसतो आणि शेवटी टाइम आउट देतो. हॉटस्पॉटची रेंज वेगळी, म्हणून तिथे चालतं.

घरच्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन रेंज बदला, 192.168.57 वगैरे, कुणी सहसा वापरत नाही अशी. मग राउटर रिस्टार्ट, सगळी उपकरणं परत जोडायची. प्रिंटरला फिक्स आयपी दिला असेल तर तो रुसणार, त्याला नवा नंबर द्यावा लागेल. ऑफिसची रेंज बदलायला सांगू नका, आयटीवाले ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

प्रश्न: पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे तरी घेत नाही.

पासवर्डच टाकताय ना, की रोजचा पिन? पिन त्या मशीनपुरताच असतो, रिमोटला अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. अकाउंटला पासवर्डच नसेल तरी विंडोज आत घेत नाही. आणि समोरचं विंडोज होम एडिशन असेल तर रिमोट डेस्कटॉपचं कनेक्शन ते स्वीकारतच नाही, तिथे एनीडेस्कसारखं दुसरं रिमोट सॉफ्टवेअर टाका.

प्रश्न: बाहेरून लागावं म्हणून राउटरवर 3389 पोर्ट उघडा केलाय, मित्र म्हणतो डेंजर आहे. पोर्ट नंबर बदलला तर चालेल का?

मित्राचं ऐका, आजच बंद करा. नंबर बदलून फक्त हल्ल्यांची गर्दी कमी होते, उघडे पोर्ट शोधत इंटरनेटवर सतत फिरणारे स्कॅनर प्रोग्राम दुसऱ्या नंबरवरही पोचतातच. 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं, पासवर्ड न देताच आत शिरता येईल असं, आणि मायक्रोसॉफ्टला चक्क सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) काढावा लागला होता. व्हीपीएन लावा आणि त्याच्या आतून रिमोट वापरा, वायरगार्ड हे व्हीपीएन फुकट आहे आणि बरेच नवे राउटर ते थेट देतात.

प्रश्न: रिमोटमध्ये मधूनच कॉपी-पेस्ट बंद पडतं, दरवेळी रिस्टार्ट करावं लागतं.

रिस्टार्ट कशाला? समोरच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, आरडीपीक्लिप (rdpclip, रिमोटचं कॉपी-पेस्ट सांभाळणारा प्रोग्राम) शोधून एंड करा, मग 'रन न्यू टास्क'मध्ये तेच नाव टाकून परत चालू करा. आणि टास्क मॅनेजरसाठी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलंत तर तुमच्याच लॅपटॉपचा उघडेल, रिमोटमध्ये त्याऐवजी कंट्रोल-ऑल्ट-एंड.